उष्णतेची लाट, सरकारी फाइल आणि विज्ञानाचा विनोद: खान्देशातून हवामान व्यंगलेखन कसे करावे

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, रावेर-यावलच्या शिवारात केळीचे घड सटकू लागतात आणि दोन-चार दिवसांत तहसील कचेरीत निवेदन दिले जाते. निवेदनाची पोच मिळते, बातमी छापून येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा द्यावे लागते. हवामान बदलाबाबतची शासनाची उदासीनता या चाकोरीतून बाहेर काढून लोकांपुढे मांडायची असेल, तर विज्ञानाच्या भाषेत लिहिलेले अतर्क्य व्यंग हे एक प्रभावी साधन आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र ते नीट वापरले नाही तर उलटते. म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी गटातील कार्यकर्ते आणि हौशी लेखक यांच्यासाठी त्याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

या प्रकारच्या लेखनात सूत्रे, एकके, आलेख आणि प्रयोग यांचा आधार घेऊन एक उघडपणे अशक्य प्रस्ताव अत्यंत गंभीरपणे मांडला जातो, आणि वाचता वाचता वाचकाला कळते की त्यातील वेडगळपणा लेखकाने कल्पनेने रचलेला नसून तो मुळात धोरणातच आहे. मालदीवची बहुतांश जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक मीटर उंच आहे. त्या देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाणबुड्याचा पोशाख घालून मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली घेतली आणि कर्ब उत्सर्जन कमी करण्याचे आवाहन करणाऱ्या दस्तऐवजावर तेथेच सह्या झाल्या. आइसलँडमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये ओक या वितळून गेलेल्या हिमनदीला रीतसर निरोप देण्यात आला, आणि तिच्या स्मृतिफलकावर त्या वेळचे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, म्हणजे ४१५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ४१५ भाग), कोरण्यात आले. दोन्ही कृती विचित्र होत्या, परंतु त्यांतील वस्तुस्थिती जशीच्या तशी खरी होती. आपल्याकडे तमाशातील बतावणीतही सोंगाड्या चेहऱ्यावरची रेषा न हलवता भलताच हिशोब मांडतो आणि समोरच्याच्या तोंडून खरे वदवून घेतो, त्यामुळे ही रीत आपल्या प्रेक्षकाला परकी नाही.

निष्क्रियता नेमकी कोणाची, हे आधी ठरवावे

‘सरकार काहीच करत नाही’ हे वाक्य व्यंगाच्या कामाचे नाही, कारण त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडेच जात नाही. कोणत्या स्तरावरच्या शासनाने कोणता निर्णय घ्यायला हवा होता आणि तो घेतला नाही, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते वाक्य जमत नसेल तर लेखन सुरू करू नये.

येथे एक विवेक बाळगावा लागतो. भारताचे दरडोई कर्ब उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे, आणि आजवर हवेत साठलेल्या वायूंचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे वायू हवेत सोडले तेवढेच काढून घेण्याचे) उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते पुरेसे आहे की नाही यावर वाद होऊ शकतो आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांनी तो जरूर करावा. तरीही खान्देशातील लेखकाने पहिले लक्ष्य अनुकूलनाचे, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे, निवडावे, असे माझे मत आहे. उन्हापासून माणसाचा बचाव, पिकाचा विमा, पाण्याचे नियोजन, पुराची पूर्वसूचना या गोष्टी येथील आणि दिल्लीतील शासनाच्या हातात आहेत, आणि त्यांत दिरंगाई झाली तर त्यासाठी दुसऱ्या देशाकडे बोट दाखवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी ती आपत्ती केंद्र सरकारच्या अधिसूचित यादीत असावी लागते. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या चौकटीत या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड-हल्ला आणि दंव व थंडीची लाट अशा बारा आपत्ती होत्या. थंडीची लाट त्यांत होती, उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते, ही बाजूही लक्षात ठेवावी आणि लपवू नये. अशा याद्या बदलतात, म्हणून लिहायला बसण्याच्या दिवशी ताजी प्रत पाहावी. हे लक्ष्य नेमके आहे: निर्णय कोणाचा, कशाबद्दल आणि त्याचा परिणाम कोणावर, हे तिन्ही त्यात आले.

विज्ञानाची बाजू पक्की करावी

व्यंगात एक जरी वैज्ञानिक चूक सापडली तरी संपूर्ण लेख ‘अज्ञानातून लिहिलेला’ ठरवून बाजूला ठेवला जातो, आणि ज्यांच्यावर टीका केली त्यांची त्यामुळे सोयच होते. म्हणून पुढील गोष्टी तोंडपाठ असाव्यात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० पीपीएम होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहे. हवेचे तापमान १ अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळण्याची शक्यता वाढते. केंद्र सरकारच्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी उष्ण ठरले.

उष्णतेच्या लाटेची भारतीय हवामान विभागाची व्याख्या तर पाठच असावी. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असताना ते सर्वसाधारणपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, आणि त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट मानली जाते. सर्वसाधारणशी तुलना न करताही ४५ अंशांना लाट आणि ४७ अंशांना तीव्र लाट धरली जाते. शिवाय हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर किमान दोन दिवस सलग हा निकष पूर्ण व्हावा लागतो, आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते.

खान्देश पूर्वीपासूनच तापणारा प्रदेश आहे, हे विसरू नये. ‘असा उन्हाळा कधीच नव्हता’ असे लिहिले की गावातील कोणीही वडीलधारा माणूस जुन्या उन्हाळ्याची आठवण सांगून तुमचा मुद्दा खोडून काढेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असेल. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात हाहाकार उडाला, तेव्हाही ‘हा हवामान बदलच’ असे एका घटनेवरून ठामपणे म्हणणे विज्ञानाला धरून नाही. तापलेल्या हवेत असा मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता वाढते, एवढेच म्हणावे. व्यंगासाठी तेवढे पुरते.

कागद गोळा करावेत

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही सुमारे १५० शब्दांत मांडायचा असतो, त्यामुळे सगळे प्रश्न एकाच अर्जात कोंबू नयेत. उष्माघात कक्षात किती खाटा आणि कोणत्या तारखेपासून, हा एक अर्ज. आमच्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र मागील वर्षी किती दिवस बंद होते, हा दुसरा. ‘उष्णतेबाबत काय केले?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच येते. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर असतात. त्यांचा क्रमांक आणि दिनांक जसाच्या तसा टिपून ठेवावा.

कागद पाहण्यामागे दुसरेही एक कारण आहे. कधी कधी वास्तव आपल्या कल्पनेच्या पुढे गेलेले असते. एप्रिल २०१७ मध्ये तमिळनाडूतील वैगई धरणात बाष्पीभवन रोखण्यासाठी एका मंत्र्यांच्या उपस्थितीत पाण्यावर थर्माकोलचे तक्ते पसरण्यात आले आणि वाऱ्याने ते थोड्याच वेळात काठाला लागले. पाणी झाकले की बाष्पीभवन कमी होते, हे तत्त्व चुकीचे नाही. लॉस एंजेलिसच्या एका जलाशयात २०१५ पर्यंत सुमारे ९ कोटी ६० लाख काळे गोळे सोडले गेले. त्यांचा मुख्य हेतू पाण्याची गुणवत्ता राखणे हा होता, तरी बाष्पीभवनही त्यांनी कमी केले. वैगईत तत्त्व होते, पण वाऱ्याचा विचार नव्हता. अशी घटना हाती आली तर तिच्यावर विनोद चढवू नये, ती तारखेसह सरळ सांगावी.

एकच पायरी खोटी ठेवावी

या साऱ्या लेखनाचा गाभा येथे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. प्रस्तावातील प्रत्येक आकडा, प्रत्येक सूत्र आणि प्रत्येक व्याख्या खरी असावी, आणि तर्काच्या साखळीतील केवळ एक कडी अशी असावी की तिने सारे उलटेपालटे करावे. ती कडी कोठून घ्यायची? शासनाने प्रत्यक्षात जो तर्क वापरला आहे, त्याच्याच जातकुळीतून. अधिसूचित यादीचे उदाहरण पुढे नेऊन एक काल्पनिक अर्ज लिहून पाहू. ही यादी केंद्राची असल्याने अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नावे असावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहिला तर ज्यांच्या हाती तो निर्णयच नाही त्यांना दोष दिल्यासारखे होते.

‘विषय: मे महिन्यातील तापमान थंडीची लाट म्हणून अधिसूचित करण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, थंडीची लाट ठरवताना तापमान सर्वसाधारणपेक्षा किती खाली आहे, हे पाहिले जाते. आमच्या अभ्यास समितीने सर्वसाधारण तापमानासाठी सूर्याचा पृष्ठभाग हा संदर्भ निश्चित केला असून, जिल्ह्याला उष्णता तेथूनच प्राप्त होत असल्याने सदर निवड सयुक्तिक आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. जळगाव येथे ४६ अंश तापमान असताना जिल्हा सर्वसाधारणपेक्षा सुमारे ५,४५४ अंशांनी थंड ठरतो. तीव्र थंडीच्या लाटेसाठी साडेसहा अंशांची घट पुरेशी असल्याने जिल्ह्यातील घट निकषाच्या सुमारे ८३९ पट आहे. किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी असण्याची अट विशेष बाब म्हणून शिथिल व्हावी. सबब, उन्हात काम करताना मृत्यू पावलेल्या मजुरांचा मृत्यू थंडीने झाल्याचे गृहीत धरून त्यांच्या वारसांना अनुज्ञेय ४ लाख रुपयांचे सहाय्य मंजूर करण्यात यावे, ही विनंती.’

आता हा मजकूर उलगडून पाहू. सूर्याचे तापमान खरे आहे, वजाबाकी आणि भागाकार बरोबर आहेत, थंडीच्या लाटेचे निकष हवामान विभागाचेच आहेत, आणि अधिसूचित आपत्तीतील मृत्यूसाठीची ४ लाखांची रक्कमही निधीच्या निकषांतील आहे. खोटी पायरी फक्त एक: सर्वसाधारण तापमानाचा संदर्भ बदलणे. ही पायरी निवडण्याचे कारण असे की आपत्तीची मदत माणसाच्या यातनेवर अवलंबून न ठेवता यादीतील नोंदीवर अवलंबून ठेवली, की नोंद मिळवण्यासाठी निसर्गाची व्याख्या वाकवणे हाच अर्जदारापुढचा मार्ग उरतो. वाचक ५,४५४ या आकड्यापाशी हसतो आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबतो, कारण तेथे मजूर आला आहे. मजुराचा उल्लेख आधी आला असता तर हसू आले नसते, आणि आलाच नसता तर हसण्याला अर्थ उरला नसता.

या मसुद्यात आणखी विनोद घालण्याचा मोह होईल. सूर्याला नोटीस पाठवावी, पेंग्विन आणावेत, शेकोट्यांचे अनुदान द्यावे असे सुचत राहील. ते सारे गाळावे. दुसरी खोटी पायरी आली की पहिलीचा नेमकेपणा जातो आणि वाचकाला वाटते की येथे काहीही चालते.

आकडेमोड प्रामाणिकपणे करावी

काही विषयांत विसंगती तर्कापेक्षा आकारमानातून अधिक चांगली दिसते. समजा, वृक्षलागवडीच्या घोषणा होतात परंतु लावलेली रोपे जगली की नाही याची नोंद तुमच्या तालुक्यात मिळत नाही, आणि माहिती अधिकारातील उत्तराने तसे सिद्धही झाले आहे. तेव्हा संपूर्ण जळगाव जिल्ह्यावर हिरवी शेडनेट अंथरण्याचा प्रकल्प अहवाल लिहावा. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे १,१७६.५ कोटी चौरस मीटर. जाळीचा दर २० रुपये चौरस मीटर धरला तर खर्च सुमारे २३,५३० कोटी रुपये येतो. दर चार मीटरवर उभ्या-आडव्या ओळींत खांब रोवायचे, म्हणजे एका खांबाच्या वाट्याला १६ चौरस मीटर, आणि खांब लागतील सुमारे ७३.५ कोटी. अहवालाचा शेवटचा परिच्छेद असा: ‘खांबांसाठी लागणारे लाकूड जिल्ह्यातील व सातपुड्यातील झाडे तोडून उपलब्ध करण्यात येईल, जेणेकरून सावली निर्माण करण्याच्या कामात झाडांचा अडथळा होणार नाही.’

दर गृहीत आहे, असे अहवालात स्पष्ट लिहावे, कारण खरे प्रकल्प अहवालही गृहीतके लिहितात आणि तुमची विश्वासार्हता तेथे तपासली जाते. गुणाकार दोनदा करून पाहावा. चौरस मीटर आणि चौरस किलोमीटर यांत दहा लाखपट फरक असताना तो हजारपट समजण्याची चूक करणारे पुष्कळ आहेत. आकडा इतका मोठा असतो की चूक सहजी डोळ्यांना दिसत नाही, आणि एखाद्या गणिताच्या शिक्षकाने ती दाखवून दिली की चर्चा त्या चुकीचीच होते.

भाषा कचेरीची असावी

अशा लेखनात लेखकाने हसायचे नाही. ‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘विशेष बाब म्हणून’, ‘अनुज्ञेय’, ‘कार्यवाहीस्तव सादर’, ‘प्रत माहितीस्तव’ ही भाषा खान्देशातील प्रत्येक शेतकऱ्याने अनुदानाच्या आणि विम्याच्या कागदांवर वाचलेली आहे, आणि ती जितकी तंतोतंत उतरेल तितका प्रस्तावातील अतर्क्यपणा ठळक होतो. उद्गारचिन्हे पूर्णपणे टाळावीत. विशेषणेही टाळावीत, ‘हास्यास्पद’ हा शब्द लेखकाने वापरला की वाचकाचे काम लेखकानेच करून टाकल्यासारखे होते. प्रयोगाच्या रूपात लिहायचे असेल तर शाळेच्या प्रयोगवहीची मांडणी घ्यावी: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. इग नोबेल पुरस्कार १९९१ पासून अशा संशोधनाला दिले जातात जे आधी हसवते आणि मग विचार करायला लावते. त्यातील बहुतेक शोधनिबंध मात्र पूर्णपणे गंभीर भाषेत लिहिलेले असतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हसू कोणाकडे वळते, ते पाहावे

याबाबत माझे मत ठाम आहे. उन्हात वेचणीला किंवा बांधकामावर जाणारी बाई, नंदुरबारमधून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी आदिवासी कुटुंबे, करपलेली बाग पाहणारा शेतकरी यांच्यावर विनोद होता कामा नये. गावातील तलाठी, कृषी सहायक किंवा आशा कार्यकर्ती यांनाही लक्ष्य करू नये. त्यांच्याकडे ना निधी असतो ना निर्णय. निर्णय घेणारी खुर्ची जेथे आहे तेथवर नजर गेली पाहिजे.

हवामान आधारित फळपीक विम्याचा विषय घेतला तर ही काळजी विशेष लागते. या योजनेत केळीला भरपाई मिळण्यासाठी ठरावीक काळात ठरावीक तापमान ठरावीक दिवस सलग राहावे लागते आणि मोजमाप महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावर होते. मधला एखादा दिवस किंचित थंड निघाला की साखळी तुटते, झाडाला मात्र झालेली इजा भरून येत नाही. यावर ‘केळीच्या झाडांसाठी क्षमताबांधणी कार्यशाळा’ लिहिता येईल. तीत निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) अवस्थेतील झाडांना सलग दिवस मोजण्याचे प्रशिक्षण द्यायचे, मंडळाच्या सीमेवरील झाडांना आपले संदर्भ केंद्र कोणते हे समजावून सांगायचे, आणि साखळी पूर्ण होण्याआधी घड सटकू न देण्याचे हमीपत्र प्रत्येक झाडाकडून घ्यायचे. येथे नियम शिकायला बसवले आहे ते झाडाला, त्यामुळे हसू निकष ठरवणाऱ्याकडे जाते. हीच कार्यशाळा शेतकऱ्यांसाठी दाखवली असती तर शेतकरीच अडाणी ठरला असता. प्रसिद्ध करण्यापूर्वी मसुदा एकदा केळी उत्पादकाला आणि एकदा विज्ञान शिकवणाऱ्याला वाचून दाखवावा. उत्पादक गप्प झाला तर कोठे लागले ते विचारावे आणि तो भाग बदलावा.

कायद्याची आणि गैरसमजाची खबरदारी

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावर वाजवी बंधने ठेवली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचे कलम ३५६ आहे. म्हणून व्यक्तीच्या चारित्र्यावर न जाता निर्णयावर लिहावे. शासकीय नोकरीत असणाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू असतात, त्यांनी ते वाचूनच पुढे जावे.

याहून मोठा धोका गैरसमजाचा आहे. अमेरिकेतील २००९ च्या एका अभ्यासात असे दिसले की एकाच व्यंगात्मक कार्यक्रमातून वेगवेगळ्या राजकीय मतांचे प्रेक्षक परस्परविरोधी अर्थ काढत होते. आपल्याकडे बनावट शासन निर्णय व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लोक ते खरे मानून कचेरीत जातात. त्यामुळे राजमुद्रा, खरा जावक क्रमांक किंवा खऱ्या अधिकाऱ्याची सही मजकुरात कधीही वापरू नये; राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदाच आहे. ‘हा व्यंगात्मक मजकूर आहे’ ही ओळ प्रतिमेच्या आतच छापावी, म्हणजे पुढे पाठवताना ती गळत नाही. हवामानाचा इशारा, पुराची सूचना किंवा रुग्णालयाची माहिती या रूपात व्यंग कधीही लिहू नये, कारण त्याने कोणाचा जीव जाऊ शकतो.

कोठे आणि कसे सादर करावे

स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन आणि गणेशोत्सवातील देखावा या तीन जागा खान्देशात सहज मिळतात, आणि त्यांत देखाव्याचा प्रेक्षक सर्वांत व्यापक असतो. विज्ञान प्रदर्शनात शेडनेट प्रकल्पाची लहान प्रतिकृती, शेजारी आकडेमोडीचा तक्ता आणि प्रश्नांना गंभीरपणे उत्तरे देणारा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे.

प्रवेश बसवायचा असेल तर बोलीचा विचार करावा. धुळे, अमळनेर, चाळीसगाव भागात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली आणि पावरी बोलल्या जातात. कचेरीतील पात्र प्रमाण मराठीत थंडीच्या लाटेचा प्रस्ताव वाचत असताना समोरचा शेतकरी शांतपणे ‘सायेब, थंडी वाजी राहिनी, मंग घाम का बरं येस?’ असे विचारतो, तेव्हा खरा प्रश्न विचारणारे शहाणे पात्र अहिराणी बोलते. ही बाजू कधीही उलटू देऊ नये. बोलीत बोलणाऱ्याला गोंधळलेला दाखवून मिळवलेल्या हशाचा हवामानाशी काही संबंध राहत नाही.

खाली खरी नोंद आणि एक मागणी जोडावी

प्रत्येक व्यंगाच्या शेवटी, वेगळ्या चौकटीत, साध्या भाषेत तीन-चार वाक्यांची नोंद असावी: यातील कोणती माहिती खरी आहे, ती कोणत्या कागदातील आहे, कल्पना कोठे सुरू होते आणि मागणी काय आहे. मागणी एकच असावी आणि ती योग्य दाराशी जावी. अधिसूचित यादीत बदल हवा असेल तर पत्र खासदारांना आणि गृह मंत्रालयाला जाते. जिल्ह्याच्या उष्णता कृती आराखड्यात दुपारच्या कामाच्या वेळा, पाणी आणि सावलीची सोय हवी असेल तर ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आणला, हे उदाहरण अशा पत्रात आवर्जून द्यावे, कारण ते नगरपालिकेच्या आवाक्यातले आहे. गावाच्या स्तरावरील मागणी ग्रामसभेत ठराव म्हणून मांडावी आणि ठरावाची प्रत घ्यावी.

प्रसिद्धीनंतर कोणी चूक दाखवली तर ती त्याच ठिकाणी तारखेसह दुरुस्त करावी. संबंधित कार्यालयाने खुलासा पाठवला तर तो संक्षेप न करता सोबत द्यावा. मागणी मान्य झाली, केंद्राने यादी बदलली किंवा जिल्ह्याने हवामान केंद्रे दुरुस्त केली, तर तेही तेवढ्याच ठळकपणे लिहावे, जुन्या मजकुरावर तशी नोंद करावी आणि तो पुढे पाठवणे थांबवावे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आले नाही तर पहिले अपील ३० दिवसांच्या मुदतीत दाखल करावे, त्याची तारीख नोंदीत जोडावी आणि अपिलाचे उत्तर येईपर्यंत पुढच्या मजकुराचे कागद जमवायला घ्यावेत.